नऊचा पाढा आणि एक शंका

या वयात लेखणी उचलण्याचे धार्ष्ट्य वाचकांनी पोटात घालावे. काल निरांजन विझल्याचा वास आला आणि डोंबिवलीच्या घरातला, दिवेलागणीला म्हटलेला पाढ्यांचा परवचा आठवला.

शाळेत नवे गुरुजी म्हणाले होते, "आजपासून पोपटपंची बंद. डोकं चालवा!"

कधी न बोलणारी मी उभी राहिले. "गुरुजी, पाढे पाठ आहेत म्हणूनच शंका आली. अठरा, सत्तावीस, छत्तीस. आकड्यांची बेरीज नऊच का येते?"

"पोपट बोलला!" मागून कुणीतरी खिदळले.

गुरुजी खडू माझ्यापुढे धरून म्हणाले, "मलाही ठाऊक नाही गं. ये, शोधू या."

आज नातीच्या शाळेत पाठांतर निषिद्ध आहे. मी मात्र तिच्याकडून परवचा म्हणवून घेते, घेणारच. मनात काही साठलेच नसेल, तर शंका यावी कशाची?