लाल ठिपक्याचं टोपण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा सायकल मिस्त्री पेडलचं हरवलेलं टोपण बसवल्याशिवाय सायकल सोडायचाच नाही. दुसरे मिस्त्री "चालतंय की" म्हणायचे. हा म्हणायचा, "टोपण गेलं की नट सुटतोय, नट सुटला की पेडल." बसवलेल्या टोपणावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि गिऱ्हाईक वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पायांकडं बघत उभा राहायचा. मला हसू यायचं.

एका रविवारी तो दुकान उघडं टाकून चौकात येईल ती सायकल अडवत होता. "पावणं, जरा पाय काढा." लोक शिव्या घालत होते. मी जवळ गेलो, तशी त्यानं मूठ उघडली. आत रस्त्यात सापडलेलं टोपण होतं, लाल ठिपक्याचं.

"माझंच हाय. कुणाचं पडलंय कळंना झालंय."

मी हसणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुमची पोरगी कुठं हाय?"

आदल्या दिवशीच त्यानं तिच्या पेडलला टोपण बसवलं होतं. पहाटे ती मैत्रिणींबरोबर सायकलनं पन्हाळ्याला गेली होती. आता घाट उतरत असणार.

मीही त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक पेडलकडं वाकून बघू लागलो. दुसऱ्या कुणाचं तरी पडलेलं असू दे, एवढंच मनात म्हणत होतो.