बबिताने फेकलेले मेल

शिरूर कासारच्या स्टँडमागे बबिताचं ऑनलाइनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दिवसभर जागेवर धड न बसणारी बबिता. फॉर्म भरताना ती विचारते, "मेल कुणाचा टाकू?" समोरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं. "तुजाच टाक की. आमी चाललो उसाला. तितं रेंज हाय का न्हाई, कुणाला ठावं?" अशाने तीनेकशे घरांचे मेल बबिताच्या एकाच खात्यात येऊन पडतात. पोस्टमनला निदान रविवारची सुट्टी असते, हिला तीही नाही.

जूनमध्ये तिला एक मेल आला होता. तुमचं मेलखातं चोवीस तासांत बंद होईल, पासवर्ड टाकून चालू ठेवा. तीनशे घरं डोळ्यांसमोर आली आणि बाईने पासवर्ड टाकला. पुढचे चार दिवस खातं भलत्याच माणसाच्या हातात होतं. खटपट करून ते परत मिळालं, पण बबिताच्या जिवाला लागलेला घोर काही गेला नाही. त्याच दिवशी तिने नियम केला. घाई, धमकी आणि लिंक, तिन्ही दिसल्या की मेल थेट स्पॅममध्ये. पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा वाचत बसायचं नाही. नवरा राधाकिशन मेंढरं राखणारा, तो हसायचा. "आपलं कुत्रं बी आदी हुंगतं, मग भुंकतं. तू हुंगत बी न्हाईस."

परवा शनिवारी दुपारी तीनला वैष्णवीचा फोन आला, कर्नाटकातल्या उसाच्या फडातून. विमलबाईची ही पोर बारावी झाली आहे, आईबापासोबत ऊस तोडते आहे आणि नर्सिंगच्या प्रवेशाकडे डोळे लावून बसली आहे.

"ताई, मेल आला का? माज्या मैत्रिणीला आठ दिसांमागंच आलाय. आज पाचपर्यंत कळवायचंय म्हणती."

"न्हाई गं, काहीच न्हाई आलं," बबिता म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपला नियम आठवला.

तिने स्पॅम उघडलं. होता तिथेच. जागा मिळाली आहे, लिंकवर जाऊन शनिवारी पाचच्या आत संमती द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. घाई, धमकी, लिंक. आठ दिवसांपूर्वी तिनेच तो भिरकावला होता.

पण हा खरा कशावरून? लिंकला हात लावायची तिची छाती होईना. तिने फाइलमधून कॉलेजचं माहितीपत्रक काढलं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहिला. जुळला. मग माहितीपत्रकावरच्या नंबरला फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. ती उठली, बसली, दारात जाऊन आली, पंखा बंद करून परत चालू केला. साडेचारला एका बाईंनी उचलला आणि त्रासून म्हणाल्या, "हो, आमचाच मेल आहे. आठ दिवस करत काय होतात?"

कॉलेजच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून, वैष्णवीला फोनवर विचारत विचारत तिने संमती भरली. पाचला दहा कमी होते.

"वैष्णवी, मेल आलता गं. मीच फेकून दिलता," ती म्हणाली. लाज वाटली, पण सांगितलं.

"मिळाली न्हवं जागा? मग बास, ताई," पोर म्हणाली आणि फोन चालू ठेवूनच आईला हाका मारत पळाली.

बबिता मात्र स्पॅममधला एकेक मेल पत्ता वाचून बघायला बसली. एकोणचाळीस होते, बहुतेक लबाडच. सगळ्यात खालचा एकोणतीस दिवसांपूर्वीचा. त्याच्याखाली काहीच नव्हतं, कारण स्पॅममधलं महिनाभराने आपोआप पुसलं जातं. आणि ती तर जूनपासून फेकत होती.

तिने फॉर्मची वही काढली, जूनचं पान उघडलं आणि पहिल्या नावाला फोन लावला.

"धोंडीरामकाका, तुमाला कशाचा मेल यायचा व्हता का?"

"मेल?" काका म्हणाले. "आला असंल तर तुलाच ठावं की, माय."