कस्तूर नावाच्या इसमास समज

राहुरीत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या इंदूबाई मुलाच्या बदलीपायी राजूरला आल्या, आणि तिसऱ्याच पहाटे ओढ्याकाठी त्यांना कोणीतरी शीळ घातली. वय सदुसष्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी. तरी घातली. लांबलचक, सुरेल, रेंगाळणारी. बाईंनी काठी उगारली, पण झाडीत कोणी दिसेना.

घरी सांगितलं, तिथंच चुकलं.

"उद्यापासून मी बरोबर येतो," धवल म्हणाला.

मुलाबरोबर फिरणं म्हणजे दर दहा पावलांवर "आई, दम लागला का?" ऐकणं. बाईंना दिवसातला तो एकटीचा तास हवा होता. तो गेला की उरतं काय, सून आणि टीव्ही.

"राहुरीला उसात बिबट्या होता," त्या फणकारल्या. "शेजारचं कुत्रं नेलं त्यानं, पण माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. जनावर असून रीत होती."

मग त्यांनी शेजारच्या बनुबाईला गाठलं. ओढ्यावर शीळ घालतो तो कोण?

"त्यो व्हय? कस्तूर."

"कोणाचा?"

"कुनाचा म्हंजी? रानाचा. पावसाळ्यात बायकू हुडकत फिरतो. गळा लई ग्वाड."

"कामधंदा काही?"

"वढ्यात खेकडं धरतो."

एवढं पुरे होतं. बाईंनी पंचायतीत अर्ज दिला: 'कस्तूर नामक इसम, धंदा खेकडे धरणे, वयस्क स्त्रियांस शीळ घालतो. त्यापेक्षा बिबट्या सभ्य. समज द्यावी.'

ग्रामसेवक राधाकृष्ण यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, पक्षी आहे तो. काळानिळा, साळुंकीहून थोरला. अर्ज मागे घेता?"

बाईंचे कान तापले. पण सरकारी नोकरी काही फुकट केली नव्हती.

"आवक क्रमांक पडला ना? मग लेखी उत्तर द्या."

उत्तर मिळालं: 'सदर इसम पक्षी असल्याने समज देता येत नाही. अर्जदारांनी एकटीने फिरण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' दुसरं वाक्य बाईंनीच सांगून लिहून घेतलं होतं.

घरी धवल इतका हसला की चहा नाकातून आला. सूनही पदर तोंडाला लावून आत पळाली.

"हसून झालं की खालची ओळ वाच," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचली. "शिक्का आहे की," तो पुटपुटला.

"आहे ना? मग उद्या गजर लावू नकोस."