दहा ग्रॅमच्या चपला

सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरला रफीकभाऊंच्या दुकानात आम्ही तिघं बसतो. ते ट्रॉफ्या आणि पाट्या कोरतात, सुजाताबाई तांब्याच्या तारेच्या वस्तू विणतात, आणि मी शाळेत चित्रकला शिकवून संध्याकाळी तिथे टेकते. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं असतं, त्यामुळे किस्से साचत जातात. पण त्या यानाच्या भानगडीत जितके साचले, तितके कधीच नाहीत.

झालं असं. परदेशातल्या काही कलाकारांना एका अंतराळयानात छोटी पेटी ठेवायला मिळाली होती. त्यात जगभरातल्या गमतीदार वस्तू जाणार. यान सूर्यमालेबाहेर निघून जाणार, पुढे कधी कुणाला सापडलं तर सापडलं. मी सहज अर्ज केला आणि चक्क आमची निवड झाली. वस्तू धातूची हवी, दहा ग्रॅमच्या आत.

रफीकभाऊंनी पहिलं विचारलं, "वापस कधी येईन?"

येणारच नाही, म्हटलं. ते बेचैन झाले. आयुष्यभर प्रत्येक वस्तू गॅरंटीनं देणारा माणूस!

"मंग तुटली तं दुरुस्ती कोन करन, मॅडम?"

*

काय पाठवायचं यावर गावभर सल्ले सुरू झाले. चहावाल्यानं सिमेंटची पिटुकली गोणी सुचवली. रफीकभाऊ म्हणाले, इथली धूळ एव्हाना तिथवर आपोआप पोचली असेल, वेगळी कशाला पाठवायची?

*

सुजाताबाईंनी ठरवलं, चपलांचा जोड. शोधणारा लांबून येणार, त्याचे पाय दुखले असतील.

"अन् त्याले पायच नसले तं?" रफीकभाऊंनी विचारलं.

"मंग कानात घालन."

*

मधेच तारीख अलीकडे आली. चार दिवसांत पार्सल निघायला हवं होतं. माझं कशातच लक्ष लागेना. तास चालू असताना मेल बघायची, खुर्चीवर बसायची, लगेच उठायची. सहावीतल्या एका मुलीनं सुंदर हत्ती काढला होता. त्याखाली मी शेरा लिहिला, 'वजन कमी करा.' दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर!

*

तळवे रफीकभाऊंनी पत्र्याचे कापले, पट्टे सुजाताबाईंनी तारेचे विणले, आणि जोड तयार झाला. सोनाराच्या काट्यावर भरला चौदा ग्रॅम. मी घाबरून मेल केला. उत्तर आलं, एकच चप्पल पाठवा, ते जास्त गमतीदार होईल.

मला ते पटलं होतं. तसं मी सुजाताबाईंना सांगितलंही. त्या तार गुंडाळत राहिल्या.

"एक चप्पल भेटली की मानूस शोधतच राह्यते, मॅडम. मी सहा वर्ष झाले शोधून राह्यली."

त्यांचा नवरा मोहफुलं वेचायला रानात गेला तो परत आला नव्हता. झुडपाखाली त्याची एक चप्पल तेवढी सापडली होती. आम्हाला ठाऊक होतं, पण दुकानात त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता.

रफीकभाऊंनी दोन्ही चपला उचलल्या आणि कानस घेतली. दिवसभर गिऱ्हाईकं परत पाठवली. थोडं घासायचं, सोनाराकडे जायचं, वजन करून यायचं, पुन्हा घासायचं. चपलांचे तळवे कागदासारखे पातळ झाले तेव्हा काटा दहाच्या आत आला.

डबीत ठेवताना त्यांनी विचारलं, टोकं कोणत्या बाजूला करू?

"आतल्या बाजूले," सुजाताबाई म्हणाल्या. "मानूस घरी आल्यावर काढते तशा."