घंटा झाली का आधी खुर्ची

"हे काहून पडून राहिलं गा?"

हा प्रश्न काकाजी माणसांना विचारत, तसाच वस्तूंनाही विचारत. आधी मधल्या बोटाने त्या वस्तूवर टकटक करायची, डॉक्टर छाती तपासतात तशी, आणि मग हा प्रश्न. रिकामी बरणी असो, तुटकी सायकल असो, की रविवारी दुपारी बाजेवर लोळणारा माझ्यासारखा शाळामास्तर असो, पडून राहिलेली कोणतीही गोष्ट त्यांना बघवत नसे. उभं आयुष्य एका कारखान्याच्या गोदामात गेलेलं. न वापरलेला माल म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

असा माणूस आमच्या इमारतीचा सेक्रेटरी झाला. सरकारच्या कसल्याशा योजनेतून गरिबांसाठी बांधलेली ती सात मजली इमारत होती. तेव्हाच्या नागपुरात सात मजले म्हणजे केवढं अप्रूप! लोक सायकली थांबवून माना वर करून बघायचे. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, फक्त लिफ्ट नव्हती. "येणारच आहे," असं ऑफिसातून सांगत. आम्ही राहायला गेलो तेव्हा येणार होती, मी ती जागा सोडली तेव्हाही येणारच होती.

घरं सोडतीने मिळाली आणि काकाजींच्या वाट्याला सातवा मजला आला. आता त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मणक्याच्या दुखण्याने कमरेखाली लुळ्या पडलेल्या. तळमजला मिळावा म्हणून ते ऑफिसात किती खेटे घालून आले, पण साहेबाने लिफ्टचं वचन देऊन वाटेला लावलं. शेवटी चार हमालांनी काकूंना वेताच्या खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. सेक्रेटरीपद कोणालाच नको होतं. ते काकाजींनी आनंदाने घेतलं. का, हे त्यांनी मला एकदा जिन्यात दम खाताना सांगितलं होतं.

"मास्तर, उद्या आग लागली तं तुमी सारे पळून जासान. मायी बायको कशी पळंन? म्हून हे बिल्डिंग मायाच हातात पाहिजे."

वर्षाकाठी अग्निशमन खात्याचे एक साहेब येत. त्यांच्या नियमाप्रमाणे इमारतीत लाल बादल्या होत्या, कॅनव्हासची जाड नळी होती, धोक्याची पितळी घंटा होती आणि मागच्या बाजूला दुसरा जिना होता. हे सगळं कशासाठी, तर आग लागेल त्या दिवसासाठी. तोवर काय करायचं? तोवर पडून राहायचं. इथेच नियमांची आणि काकाजींची गाठ पडली.

आधी बादल्या कामाला लागल्या. त्यातल्या वाळूत त्यांनी खतमाती मिसळली आणि सांभार पेरला, म्हणजे तुमची कोथिंबीर. प्रत्येक मजल्यावर हिरवागार सांभार डुलायला लागला. साहेबांनी बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हे आगीसाठी आहे ना?"

"हाव ना साहेब. वाळू ओली राह्यते. आग अजून लवकर इझते."

साहेब हसले. जाताना दोन जुड्या पिशवीतून घरी घेऊन गेले.

मग नळी. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि एकाच नळीवरून भांडणं व्हायची, म्हणून काकाजींनी तिचे तीन तुकडे करून मजल्यांना वाटून दिले. भांडणं मिटली. त्यांच्या न्यायबुद्धीचं तेव्हा फार कौतुक झालं.

राहिला मागचा जिना. नागपुरात घर तिथे कूलर. उन्हाळा सरला की पत्र्याचं ते धूड ठेवायचं कुठे, हा घरोघरचा प्रश्न. एका खोलीच्या घरात कूलर ठेवला तर माणसाने खिडकीत बसायचं. काकाजींनी मागच्या जिन्याच्या कठड्यावर टकटक केली आणि प्रश्न सुटला. पावसाळा लागला की सगळ्या इमारतीचे कूलर, वाळ्याच्या वाळलेल्या ताट्यांसकट, त्या जिन्यावर ओळीने चढून बसत. साहेब यायचे असले की आम्ही ते सगळे गच्चीवर नेत असू आणि ते गेले की परत आणत असू. या कामात आमची जी एकी दिसायची, ती गणपतीतही दिसत नसे.

पण काकाजींना आगीची फिकीर नव्हती असं कोणी समजू नये. एक साल त्यांनी साहेबांच्या सांगण्यावरून सराव घेतला आणि तो जीव ओतून घेतला. त्यांच्या शेजारी तालमीत जाणारे दोन भाऊ राहत, दोघेही दणकट. त्यांना त्यांनी आठवडाभर एकच मंत्र पढवला.

"घंटा झाली का आधी खुर्ची, मंग तुमी. काय?"

"आधी खुर्ची, काकाजी."

सरावाच्या दिवशी काकू सकाळपासून नटून बसल्या होत्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात शेवंती. घंटा झाली आणि त्या दोघा भावांनी वेताची खुर्ची अलगद उचलून पुढच्या जिन्याने खाली आणली. काकू लाजून लाजून हसत होत्या. "पोट्टेहो, हळू रे," म्हणत होत्या, आणि प्रत्येक मजल्यावर उभ्या असलेल्या बायकांना हात करत होत्या. खाली आल्यावर त्यांनी चपला काढायला लावल्या. पाय तर काही जाणत नव्हते, तरी ते मातीवर टेकवून त्या बसून राहिल्या. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून काकाजींनी तर्री-पोहे आणले. काकूंनी ते नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खाल्ले. रस्त्यावरून जाणारी येणारी माणसं त्या अशा बघत होत्या की आम्हालाच कसंतरी व्हायला लागलं.

वर नेताना त्या म्हणाल्या, "अहो, हे असं दर महिन्याले करा ना."

"करू ना वं. पुढच्या महिन्यात करू."

पुढच्या महिन्यात कोणाकडे लग्न निघालं, त्याच्या पुढच्या महिन्यात परीक्षा आल्या. सराव पुन्हा झाला नाही. काकूंनी आठवण केली की काकाजी म्हणायचे, "लोकं जमून नाही राहिले." ते खरंच होतं, आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

सराव नाही म्हणजे घंटा पडून राहिली. पितळेची, चांगली घडीव, आणि धूळ खात. काकाजींना झोप लागेना. आमच्या तळमजल्यावर एक मारुती होता, शनिवारी संध्याकाळी त्याची आरती व्हायची. एका शनिवारी ती घंटा मारुतीसमोर टांगलेली दिसली. तिचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत पोचायचा. घंटा झाली की बायका ताटं घेऊन, मुलं प्रसादाच्या ओढीने, जिन्यावरून धडाधड खाली. दोघा भावांकडे नारळ फोडण्याचा मान होता. वरच्या काकूंना कोणी हाक मारत नसे. चालता येत नाही त्या बाईला आरतीला चला म्हणायचं, म्हणजे तिला खिजवल्यासारखंच ना? त्या आपल्या जागेवरूनच हात जोडत. प्रसाद काकाजी वर नेत.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. शनिवार होता, दिवेलागणीची वेळ. मुलांचे उरलेले फटाके चालले होते. त्यातलं एक रॉकेट मागच्या जिन्याच्या खिडकीतून आत शिरलं. वाळ्याच्या ताट्या त्याची वाटच बघत असल्यासारख्या पेटल्या. धुराचा वास सगळ्यांना आला, पण दिवाळीत धुराचा वास कोणाला येत नाही?

काकाजी तेव्हा मारुतीपुढे निरंजनात वात लावत होते. मी बाहेरच्या ओट्यावर होतो. मागून धूर येताना आम्ही दोघांनी एकदमच पाहिला. मी नळीकडे धावलो, तर हातात तिसरा हिस्सा आला. काकाजींनी घंटा धरली. असा घंटानाद त्या मारुतीने कधी ऐकला नसेल.

आणि इमारत खाली आली. काय सांगू तुम्हाला, अशी आली की सराव फिका पडावा! म्हातारी, पोरं, लेकुरवाळ्या, सगळे ताटं सावरत हसत-बोलत उतरले. "आज लवकर लावली आरती," अशी कुरकुरही झाली. अंगणात पाय ठेवल्यावर लोकांना मागचा जाळ दिसला आणि मग एकच किंकाळी उठली.

सगळ्यात शेवटी ते दोघे भाऊ उतरले. काकाजी घंटा सोडून त्यांना सामोरे गेले. एकाच्या हातात नारळ होता. दुसऱ्याचे हात रिकामे होते. काकाजींनी त्यांच्या मागे जिन्यात वाकून पाहिलं.

"खुर्ची?"

एवढंच म्हणाले. नारळ खाली पडला आणि ती दोन्ही पोरं आल्या पावली वर धावली. मागच्या जिन्याचा सगळा धूर वर जाऊन सातव्या मजल्यावर कोंडला होता. त्यांनी काकूंना हातांवर घेऊन खाली आणलं, तेव्हा दोघांचे चेहरे काळे झाले होते आणि दोघेही लहान मुलांसारखे रडत होते. नंतर धाकट्याने मला सांगितलं, काकू हात जोडूनच बसल्या होत्या.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्या एक रात्र जगल्या.

काकाजींनी त्या भावांना कधी बोल लावला नाही. उलट धाकटा तोंड लपवून फिरायचा, त्याला दारात अडवून म्हणाले, "तुयी काय चूक गा? मीच शिकवलं तुले दर शनिवारी." हिवाळा सरता सरता ते मौद्याकडे भावाच्या गावी निघून गेले. पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत.

पण जाण्याआधी त्यांचा सत्कार झाला. साहेबांना वरून शाबासकी मिळाली होती. एवढी मोठी आग, सात मजले, आणि एक दुर्दैवी अपवाद सोडला तर सगळे सुखरूप! अंगणात सतरंजी घातली. साहेब आदर्श इमारतीवर बोलले, शिस्तीवर बोलले. घंटा होताच सगळे खाली आले, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग काकाजींच्या अंगावर शाल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

काकाजी उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच होता.

"साहेब, हे लोकं आग लागली म्हून नाही आले. परसादाले आले. आग हाय असं समजलं असतं, तर तिले कोणीतरी उचलून आणलंच असतं. लोकं चांगले हायेत मायाइथले."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. आता काय करायचं ते कोणालाच कळेना. भाषणानंतर टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून पुढच्या रांगेत कोणीतरी वाजवल्या, आणि मग आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत काकाजी हात जोडून उभे होते.