धबधब्यापाशी झालेली मोजणी

“ह्या म्हाताऱ्याला कुणी घेतलं रं बरोबर? कुठं दम लागून बसलं म्हंजे आपल्याच गळ्यात.”

शिराळ्याच्या पुढे चहाला गाडी थांबली होती, तेव्हा आमच्या ट्रेकिंग गटाचा म्होरक्या हे आपल्या मित्राला म्हणाला. तसा हळूच म्हणाला. पण टपरीच्या पत्र्याच्या अलीकडे बाकावर मी बसले होते आणि माझ्या शेजारी तो म्हातारा माणूस. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे प्यायले. मी उगाचच बुटाची नाडी सोडून परत बांधली.

ते आमच्याच गल्लीतले. मलकापुरात आमच्यापासून चौथं घर त्यांचं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात मुलगा आणि सून. सगळी गल्ली त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही. तोवर मी त्यांच्याशी एकदाही बोलले नव्हते. तशी मी कुणाशीच फारशी बोलत नसे. पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते आणि घरूनच कम्प्युटरवर काम करत होते. दिवसभरात आईशी चार वाक्यं झाली तर झाली. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत काही बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत बाकीचे दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. चार माणसांत गेली तर तोंड तरी उघडेल, म्हणून आईनेच मला न विचारता या गटात माझं नाव घातलं होतं.

गटात माणसं मोजायची एक पद्धत होती. गाडीत चढताना प्रत्येकाला नंबर मिळायचा. जिथे थांबू तिथे म्होरक्या “मोजणी!” म्हणून ओरडायचा, आणि एकापासून ज्याने त्याने आपापला नंबर मोठ्याने सांगायचा. म्होरक्या मान खाली घालून कागदावर खुणा करत जायचा. चेहरे कुणी बघत नसे. त्या दिवशी मी सतरा होते, आजोबा अठरा.

दसरा होऊन गेला होता, तरी पाऊस गेला नव्हता. डोंगर अर्ध्यातून कापल्यासारखे दिसत होते, वरचा भाग ढगात. वाट जिथून वर चढते तिथल्या देवळात आम्ही पोहे खाल्ले. इथून धबधबा दीड तासावर, आणि परत यायचं ते याच देवळाशी. सगळे बॅगा चढवू लागले तेव्हा आजोबा माझ्याजवळ आले.

“खाली नदी हाय,” ते म्हणाले. “आमचं गाव हितंच पलीकडं होतं. धरणापायी गाव उठलं तवा मी अकरा वर्साचा. उन्हाळ्यात आमी वाळूत झरा उकरून पाणी प्यायचो. तेवढी वाळू बघून येतो. तुमी धबधबा करून येईस्तोवर मी हितं येऊन बसलेलो असतो.”

म्होरक्याला सांगून जा, असं मी कसंबसं म्हटलं.

“त्याला इचारलं तर न्हाई म्हणंल. सकाळी ऐकलंस की तू बी.” त्यांनी एकदा म्होरक्याकडे बघितलं. “वर मोजणी झाली तर माझा अठरा तू म्हण, पोरी. तू कुणाला सांगायची न्हाईस, म्हणून तुला सांगतोय.”

कॉलेजात मुली एकमेकींची हजेरी लावायच्या. माझी कुणी लावली नव्हती आणि मला कुणी लावायला सांगितलीही नव्हती. माझ्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मान हलवली. सगळ्यात मागे चालून लक्ष ठेवायचं काम ज्याच्याकडे होतं तो मुलगा पोह्यांच्या पत्रावळ्या गोळा करत होता. आजोबा देवळाच्या मागे गेले ते त्याने पाहिलं नाही. ते पुढच्या घोळक्यात असतील असं समजून तो आमच्यामागून चालू लागला.

वाट कारवीतून जात होती. तांबडी माती पायाखाली सटकत होती आणि जळवा मोज्यांवर चढत होत्या. धुकं इतकं, की पुढच्या बाईची जांभळी बॅग तेवढी दिसायची. धबधबा दिसण्याआधी बराच वेळ नुसता ऐकू येत होता. जवळ गेल्यावर त्याचे तुषार चेहऱ्यावर बसायला लागले आणि कुणाचं बोलणं कुणाला कळेना. खालचा डोह काळाभोर होता. लोक एकमेकांचे व्हिडिओ काढत होते.

मोजणी सुरू झाली. म्होरक्या छत्रीखाली कागद धरून उभा होता. मी नेहमीसारखं बारीक आवाजात “सतरा” म्हटलं. मग हनुवटी छातीला लावली आणि जाड आवाज काढून “अठरा!” ओरडले. त्याने खूण केली. एकोणीस, वीस, एकवीस. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आनंद झाला होता, हे इथे लिहायला हवं. उतरताना मी मनातल्या मनात हसत होते.

देवळात आजोबा नव्हते.

पुन्हा मोजणी झाली. सतरानंतर कुणीच बोललं नाही. म्होरक्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच एकेकाचा चेहरा बघत गेला. आजोबांना शेवटचं कुणी पाहिलं, असं तो विचारत होता. जांभळ्या बॅगवाली बाई म्हणाली की धबधब्यापाशी ते तिच्या मागेच उभे होते, तिने त्यांना बिस्कीटही दिलं होतं. आणखी एकाला त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली आठवत होती. दोघंही खोटं बोलत नव्हते. कागदावर अठराची खूण होती, त्यामुळे त्यांना ते तिथे दिसले होते. ऐकता ऐकता क्षणभर मलाही दिसले.

म्होरक्याचा चेहरा उतरला. वाटेत नसतील तर डोहातच, असं कुणीतरी म्हणालं. चार जण दोर घेऊन पळतच परत धबधब्याकडे गेले.

मी पायरीवर बसून होते. आता येतील, असं आधी वाटलं. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, आत्तापर्यंत का गप्प बसलीस. जितका वेळ जात होता तितकं ते अवघड होत होतं. देवळामागून नदीकडे जाणारी पायवाट मला बसल्या जागेवरून दिसत होती. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पाऊस वाढला. वर गेलेल्यांच्या हाका ऐकू येत होत्या, आणि त्या सगळ्या चुकीच्या दिशेने येत होत्या. मी बोट दाखवलं नाही. दोन तास मी तिथे बसून होते.

दिवस कलायला लागला तेव्हा खालच्या वाटेने एक बाई म्हशी घेऊन वर आली. डोक्यावर पोत्याची खोळ होती. वाळूत एक माणूस पडलाय, जिता हाय, असं ती म्हणाली. आम्ही उतरलो. नदीच्या वळणावर पाण्याच्या कडेला वाळूची अरुंद पट्टी होती. तिच्यावर आजोबा कुशीवर पडलेले, ओठ निळे, कपडे चिंब. घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांच्याजवळ हातभर खोल खड्डा होता आणि त्याच्या तळाला पाणी साठलं होतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. म्होरक्या गुडघ्यावर बसला. धबधब्यापासून तुम्ही इथे कसे आलात, कुठल्या वाटेने आलात, असं तो विचारत राहिला. आजोबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

“आठवत न्हाई,” ते म्हणाले.

त्यांना घोंगडीत घालून वर आणलं. कराडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलाने विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, गल्लीतल्या लोकांनी विचारलं. प्रत्येकाला ते तेच सांगत राहिले. म्हातारा माणूस आठवत नाही म्हणाला की लगेच विश्वास ठेवतात. धबधब्यापाशी स्वतः नंबर दिला आणि नंतर भान नसल्यासारखे रानातून कुठल्या कुठे गेले, असं गल्लीत ठरून गेलं. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधी हात जोडल्याची चित्रं आली, मग साठीपुढच्या माणसांना घ्यायचं नाही असा नियम आला. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मी रोज त्यांच्या दारावरून जायचे. दिवाळी आली आणि गेली. मी आत गेले नाही.

शेवटी आईच मला घेऊन गेली. पिशवीत संत्री होती. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट टाकली होती. दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवली होती, उभ्या माणसाचाही हात सहज पुरणार नाही इतकी उंच. त्यांना अजून उठून बसायलाही आधार लागत होता.

सूनबाई आत पाणी आणायला गेल्या तेव्हा ते आईला म्हणाले, “आज गुरुवार. तुमचा उपास असंल, च्यासंगट काय खाणार न्हाई तुमी.”

सून वाईट नव्हती. त्यांना पुसणं, भरवणं सगळं ती करत होती, आणि थकली होती. आईशी ती त्यांच्यादेखतच बोलू लागली, ते खोलीत नसल्यासारखी. काडेपेटी कपाटात ठेवते. सदऱ्याच्या आत फोन नंबरची चिठ्ठी टाचली आहे. रोज सकाळी वार विचारते, डॉक्टरांनी सांगितलंय. उद्या सांगलीला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. हे विसरणं वाढतच जातं म्हणतात, त्यामुळे बरे झाले तरी आता एकटं बाहेर सोडायचं नाही, असं ह्यांनी ठरवलंय.

“थांबा, तुम्हीच बघा,” ती म्हणाली. “बाबा, आज वार कोणता?”

ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“आठवत न्हाई.”

सुनेने आईकडे बघून डोळे पुसले. आई म्हणाली की वयच ते, कुणाच्या हातात असतं. टाचलेली चिठ्ठी सदऱ्यातून बाहेर आली होती, ती सुनेने पुन्हा आत सारली. त्यांनी सारू दिली. मी हातातला कप खाली ठेवला, तशी त्यांनी मान परत माझ्याकडे वळवली आणि हळूच हलवली. नको, म्हणून.

“काकू,” मी म्हटलं, “आजोबा काहीच विसरलेले नाहीत. ते धबधब्याला आलेच नव्हते. तिथे अठरा मी म्हटलं होतं.”