बोटांच्या टोकांवरचे पाणी

या सदरातील अनुभव मी आजवर केवळ कुतूहलाने वाचत आलो. श्राद्धकर्मावर माझी निष्ठा आहे. परंतु मृतांनी जिवंतांना काही दाखवावे, कळवावे — यावर माझा विश्वास कधीच नव्हता. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. शब्दाला अर्थ असतो आणि घटनेला कारण, एवढेच मला ठाऊक. तरीही जे घडले ते जसेच्या तसे लिहीत आहे.

साकोली तालुक्यातील एकोडी हे आमचे गाव. घरची धानाची शेती. माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते आघाडीवर होते. अडीच वर्षांपूर्वी, ब्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

दर सर्वपित्री अमावास्येला ते गावतलावात गुडघाभर पाण्यात उभे राहून पितरांना पाणी देत. मंत्र मी सांगत असे. सर्वांच्या ओंजळी झाल्या की ते आणखी एक ओंजळ भरत — बिननावाची. पितरांचे पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडायचे, असा नियम आहे. ही ओंजळ मात्र ते पुढे झुकून बोटांच्या टोकांवरून हळूहळू रिती करीत. तसे पाणी देवांना देतात. मला ते खटके.

"बाबा, नावगोत्र नाही तं पाणी पोचत नाही. अन् हात असा नाही धराचा."

"काहून गा मास्तर, तुह्या पोथीत पोस्टमन हाय का? पत्ता पाह्यल्याशिवाय देतच नाही?"

तलावाच्या पाळीवरची माणसे हसत. मी हसत नसे. एका वर्षी तर चारचौघांदेखत मी त्यांचा हात धरून सरळ केला. पुढे ती ओंजळ ते मी घरी परतल्यावर, एकटेच देऊ लागले. हे मला पत्नीकडून कळले.

शेवटच्या आजारात एका दुपारी ते आपणहून बोलले.

"पोटात गोळी लागली होती त्याले. पाणी मांगत होता. बाटली माह्या कमरेलेच होती. पन पोटात गोळी लागली तं पाणी द्याचं नाही, असं आम्हाले शिकवलं होतं. नाही देल्लं. तसाच गेला."

"आपला होता, का तिकडचा?"

"तोंड मातीनं भरलं होतं. दाढी वाढली होती. नाव पुसाले टाइम कोठी होता?" थोडा दम घेऊन म्हणाले, "कायदा बरोबर होता, बापू. पन पाणीबी होतं नं माह्याजवळ... तू देत जाजो त्याले."

मी होकार दिला. हात सरळ केल्याबद्दल क्षमा मागावी असे ओठांवर आले होते. तोवर त्यांचा डोळा लागला. नंतर ते राहूनच गेले.

वर्षश्राद्धानंतरची पहिली सर्वपित्री गेल्या वर्षी आली. सकाळचे अकरा वाजले असावेत. ऊन स्वच्छ, वारा नाही. पाळीपलीकडे धान निसवत होता, लोंब्या डोकावत होत्या. पत्नी तिळांची वाटी घेऊन काठाशी बसली होती. बाबांना प्रथमच पितर म्हणून पाणी दिले. खरे सांगतो, काही खूण मिळावी अशी आशा होती... पाणी तलावात पडले. नेहमी होतो तसा आवाज झाला. एवढेच.

मग ती ओंजळ भरली. ज्यांचे नावगोत्र अज्ञात, त्यांच्यासाठीही शास्त्रात सोय आहे; ती मी बाबांच्या माघारी शोधली होती. ते शब्द मी उच्चारले. अंगठ्याकडे हात कलवला — आणि थांबलो. बाबांचा हात आठवला. मी पुढे झुकलो आणि बोटांची टोके खाली केली.

बोटांना ओठ लागले.

याहून अचूक शब्द मला आजही सापडत नाही. कोरडे, फुटलेले ओठ. बोटांखाली दाढीचे खुंट टोचले. पाणी घोटाघोटाने कमी होत गेले. समोर कोणीही नव्हते. स्तब्ध पाणी, आणि त्यात वाकलेला मी.

मी हा भ्रमच मानला असता. पण मागून पत्नीचा आवाज आला.

"अवो, पाणी कोठी गेलं?"

"कोणतं?"

"हातातलं! मी पाहूनच राहिली होती. ओंजळ रिकामी झाली, अन् खाली थेंबबी नाही पडला."

"फटीतून गेलं असंन."

"मंग आवाज काहून नाही आला? मामाजीच्या पाण्याचा तं आला."

माझा एक विद्यार्थी डॉक्टर आहे. तो म्हणाला, वयामुळे बोटांच्या संवेदना फसवतात. असेल. पत्नीचे डोळे का फसावे, हे त्याला सांगता आले नाही. पाठशाळेतील जुन्या सहाध्यायाला विचारले; त्याने विषय बदलला. ग्रंथांतही मला काही आढळले नाही.

यंदा पुन्हा ती ओंजळ दिली. पाणी तलावात पडले, वलये उठली, काठापर्यंत गेली. त्याची तहान भागली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मंत्र सांगायला यंदा माझा मुलगा होता. सारे मीच शिकवलेले. तो हलकेच म्हणाला, "बाबा, हात चुकून राहिला तुमचा."

मी हात तसाच ठेवला.